तक्रार नाही

आमच्या बाई दिवसाला अकरा कप चहा प्यायच्या. वाढवून सांगत नाही, एकदा मी मोजले होते. सकाळी मळवलीला दवाखान्यात एक, तो मी करून दिलेला. मग भाजे गावात चार, पाटणला तीन, वाटेत रेल्वेच्या गेटवाल्याकडे एक आणि देवल्याला दोन. कुठे गुळाचा, कुठे साखरेचा, कुठे कोरा, कुठे शेळीच्या दुधाचा, आणि बहुतेक ठिकाणी धुराचा वास लागलेला. कुणी "च्या घ्या बाय" म्हटलं की बाई तिथे बसल्याच. कुणी म्हटलं नाही तर स्वतः मागायच्या, "काय गं, चूल विझली का तुझी?" संध्याकाळी घरी आल्या की पोटावर हात धरून बाजेवर पडायच्या आणि ओरडायच्या, "सोडा दे गं पाण्यात घालून! मेले मी आज!"

मी सोडा द्यायची आणि मनात म्हणायची, एवढी शिकलेली बाई, हिला साधं "नको" म्हणता येत नाही?

मला येत होतं. माझं तेव्हाचं सगळं आयुष्य "नको"वर चाललेलं होतं.

म्हणजे बघा, मी यवतमाळकडची. पाचवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि विसाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणली. मामा रेल्वेत, मळवली स्टेशनात. तो मला घेऊन आला. सहा महिन्यांत त्याची बदली भुसावळला झाली आणि मामी म्हणाली, तिकडची खोली लहान आहे. खोली लहान असेलही. मामा मला दवाखान्यात घेऊन गेला आणि नर्सबाईंपुढे उभं केलं. बाईंनी वर न बघता विचारलं, "भाकरी येते?" हो म्हटलं. "डोंगर चढता येतो?" आमच्याकडे डोंगर नाही, पण हो म्हटलं. "मेलेलं माणूस जवळून बघितलंयस?" आजोबांना बघितलं होतं. "मग राहा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुया उकळायला लागल्या. मामाला वाटलं होतं खूप विनवावं लागेल. तो रडकुंडीला आलेला चेहरा तसाच घेऊन परत गेला.

त्या दिवसापासून मी दवाखान्याची आया झाले. मागच्या दोन खोल्यांत बाई आणि मी. मी दिवसातून दोनदा फरशी पुसायची. अर्धी भाकरी खायची. बाईंनी "अजून घे" म्हटलं की "नको, पोट भरलं." शेजारच्या स्टेशनमास्तरीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं तर "नको, काम आहे." कुणावर आपला भार पडू नये, कुणी उद्या म्हणू नये की ही आमचं खाते. रात्री झोपताना मी देवाला रोज एकच सांगायची, बाईंची बदली करू नकोस. आणि आईला दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकायची, मी इथे फार सुखात आहे, माझी कोणतीही काळजी नसावी.

बाईंचं वय पंचेचाळीसच्या पुढे असावं. पांढरं पातळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. छत्री होती, पण ती कुत्री हाकलायला. पावसात त्या शेतातल्या बायकांसारखं पळसाच्या पानांचं इरलं डोक्यावर घेऊन निघायच्या. पांढऱ्या पातळावर इरलं घातलेली ती बाई लांबून शेताच्या बांधावरून येताना दिसली की पोरं ओरडायची, "बगळा आला, बगळा आला!" बाई त्यांना छत्री दाखवायच्या.

त्या कुठल्या, घरी कोण, लग्न झालं होतं की नाही, हे मळवलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं. "पुढच्या बुधवारी सांगते," त्या म्हणाल्या. न सांगायची प्रत्येक गोष्ट बाई पुढच्या बुधवारी सांगायच्या. पुढे त्यांची बदली झाली, सामान बैलगाडीत चढलं, तेव्हाही मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, आज मंगळवार ना?"

दवाखान्यात पिवळी कार्डं होती. नाव, वय, वजन, तक्रार. बाईंच्या आधीच्या नर्सनी भरलेली कार्डं एका पत्र्याच्या पेटीत होती आणि त्या सगळ्या कार्डांवर, एकजात, तक्रारीच्या पुढे लिहिलेलं होतं, "नाही." कधी लहर लागली की बाई संध्याकाळी ती पेटी उघडून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. "ही बघ. वय तीस, वजन छत्तीस किलो, तक्रार नाही. हिची तीन मुलं गेली, तक्रार नाही. ह्याचा पाय कुजलाय, इथे मागे लिहिलंय बघ, पाय कुजलाय, आणि पुढे तक्रार नाही! काय भाग्यवान तालुका आहे गं आपला!"

बाई स्वतः "बरी आहेस का?" असं कधी विचारत नसत. "काल काय शिजलं?" विचारायच्या. "पाणी कोण भरतं? माहेरी शेवटची कधी गेलतीस? रात्री झोपतेस का झोपल्यासारखी पडतेस?" असले प्रश्न. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भाज्याची एक फटकळ बाई म्हणाली, "बाय, तुमी नर्स हाय का तलाठी?"

"चोर आहे," बाई म्हणाल्या. "घरात काय काय आहे ते बघून जाते."

"मंग काय हाय आमच्यात?"

"वरच्या फळीवर रिकामा डबा आहे आणि तुझ्या डाव्या कुशीत दुखतंय. मघापासून तू एकाच अंगावर बसलीयस."

ती बाई हसायची थांबली. खरंच दुखत होतं.

पाटणला एक म्हातारी होती. तिचा मोठा मुलगा विहिरीत पडून गेला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. रोज दुपार कलली की ती ओट्यावर बसून अर्धा तास रडायची. सून कंटाळली होती. ती बाईंना म्हणाली, "आत्याबायला काय तरी ताकदीचं औशद द्या, रडनं थांबंल असं." बाईंनी म्हातारीची नाडी बघितली. किती भाकरी खाते, झोप किती, कोंबड्या कोण बघतं, सगळं विचारलं. म्हातारी दोन भाकरी खात होती, पहाटेपर्यंत गाढ झोपत होती, अकरा कोंबड्या सांभाळत होती आणि सुनेला दिवसभर शिकवण देत होती. बाई म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. पोरगा गेलाय, रडायचं नाही तर काय करायचं? रडू दे अर्धा तास. तेवढ्यात तू भांडी घास." आणि कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं, प्रकृती उत्तम.

मला हे विचित्र वाटलं होतं. रडणारी बाई आणि प्रकृती उत्तम?

एकदा तालुक्याहून एक अधिकारी आले. सुखी संसारावर त्यांचं भाषण होतं, भाज्याच्या शाळेच्या ओट्यावर. भिंतीला चित्र लावलं होतं, दोन मुलं, गुबगुबीत आई, चष्मेवाला बाप. अधिकारी भल्या मनाचे होते. भाषण संपवून त्यांनी विचारलं, "तर मंडळी, आपण सगळे सुखी आहात ना?"

"व्हय सायेब!" सगळे म्हणाले.

पुढे एक आबा बसले होते, फेटा बांधून. अधिकाऱ्यांनी त्यांना मुद्दाम विचारलं, "आबा, तुम्ही?"

"लय सुखी, सायेब. काय बी कमी न्हाई."

मागून बाईंचा आवाज आला. "आबा, रात्री लघवीला किती वेळा उठता?"

पोरं फिसकन हसली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. आबांनी फेट्याला हात लावला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आता काय सांगू बाय. धा येळा. आन् उठून बी व्हत न्हाई."

"कधीपासून?"

"शिमग्यापासनं."

"बाई, इथे कार्यक्रम चाललाय," अधिकारी म्हणाले.

"हो ना साहेब. आबांचाही चाललाय, रोज रात्री."

पुढे त्याबद्दल बाईंना एक सरकारी कागद आला, खुलासा मागणारा. तो त्यांनी सोड्याच्या डब्याच्या तळाला घातला. आबांना मात्र गुरुवारी लोणावळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत येताना गाडीत मी आबांना विचारलं, तुम्ही सुखी आहे असं का म्हणालात? ते म्हणाले, "पोरी, सायेब येवढ्या लांबनं आलता. त्येला काय नाराज करायचं? सुखी हाय म्हनाया काय खर्च येतोय?" बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे त्या हसत होत्या.

आता हिराचं सांगते. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

भाज्याच्या लेण्यांच्या वर, डोंगराच्या कुशीत सात घरांची वाडी होती. डोंगरातली माणसं. पावसाळ्यात खालच्या गावात भातलावणीला यायची, उन्हाळ्यात लाकूडफाटा, मध, करवंदं. खालची माणसं त्यांना कामाला बोलवत, पण त्यांच्या घरचं पाणी पीत नसत. बाई मात्र त्यांच्याकडेही चहा प्यायच्या.

तिथल्या हिराचं पहिलं बाळंतपण बाईंनीच केलं. मुलगा झाला. आठव्या दिवशी पुन्हा जायचं होतं, पण त्याच सकाळी देवल्याहून माणूस धावत आला, तिथे एकीचं मूल आडवं आलं होतं. बाई मला म्हणाल्या, "वाडीवर तू जा. बाळाची नाळ बघ, हिराला ताप आहे का बघ, अंगावरून किती जातंय ते विचार. आणि बस जरा."

नाळ, ताप, अंगावरचं. मी घोकत गेले. "बस जरा" हे काम आहे असं मला वाटलंच नाही.

पहिल्यांदा एकटीवर काम सोपवलेलं. चढताना डोक्यात एकच, चुकलं तर काय. कारवीच्या कुडाचं घर, दारात शेळी. आत हिरा बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. मला बघून हसली. छान हसली. मी ताप बघितला, नव्हता. नाळ सुकून पडली होती. हिराला विचारलं, "काही दुखतंय?" ती हसली. शेजारी तिची सासू बसली होती, तिनं आपल्या लुगड्याचा पदर हिराच्या पदराला गाठ मारून बांधला होता. मला वाटलं, यांच्यात बाळंतिणीला असं करत असतील. अंगावरचं विचारलं तर म्हातारी म्हणाली, "समदं बरं हाय बाय," आणि गाठ न सोडता, बसल्या बसल्याच हात लांब करून तिनं चुलीवर भगुनं ठेवलं. "कोरा च्या टाकते."

मी डब्यात बघितलं. गुळाचा खडा अंगठ्याएवढा. बाळंतिणीच्या घरातला तेवढाच गूळ. मी घाईघाईनं म्हटलं, "नको, नको मावशी! कशाला? मी आत्ताच घेऊन आले." खोटंच.

म्हातारीनं आग्रह केला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, भगुनं खाली उतरवलं आणि हसली. हिराही हसली. म्हणून मीसुद्धा हसले. उतरताना मला हेवा वाटत होता. नवरा आहे, मांडीवर पोरगा आहे, सासू इतकी मायेची की पदराला पदर बांधून बसते. सुख म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हणत आले.

दुपारी दीडच्या सुमाराला बाई देवल्याहून आल्या. तिथलं मूल वाचलं होतं. त्या साबणानं कोपरापर्यंत हात धूत होत्या. मी सगळं सांगितलं, नाळ, ताप, अंगावरचं.

"म्हातारी काय म्हणाली?"

"समदं बरं हाय म्हणाली."

"आणि हिरा?"

"काही नाही. खूश होती. हसत होती."

"किती?"

"किती म्हणजे?"

"अगं, किती वेळ हसत होती?"

मी आठवून बघितलं. "मी होते तोवर."

बाईंचे हात थांबले. "चहा कसा होता?"

"मी नाही घेतला. गूळ एवढासा होता, बाई. बाळंतिणीचं घर, म्हटलं कशाला..."

बाळंतपणाहून आलेल्या, पोटात अन्न नाही, तशाच बाईंनी ओले बूट पुन्हा पायात घातले. मी भाकरी बांधून मागे धावले. चढणीवर त्या एकदाही थांबल्या नाहीत, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

वाडीवर पोचलो तर सगळं सकाळी होतं तसंच. हिरा हसत होती. म्हातारी तशीच गाठीशी बसलेली. माझी खात्री झाली की बाई उगाच दमल्या. बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हातारे, च्या टाक. गूळ नसला तरी चालेल. हिलाही दे."

चहा उकळेपर्यंत बाई शेळीबद्दल बोलल्या. छप्पर कुठे गळतं ते बोलल्या. हिराचा नवरा खालच्या गावात लावणीला गेला होता, त्याच्या मालकाबद्दल बोलल्या. मला कपबशी मिळाली. मी जीभ भाजेपर्यंत गरम चहा एका दमात प्याले. बाईंनी आपला कप पालथा घातला आणि गप्प बसल्या. बाईंना इतकं गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग म्हातारी म्हणाली, "बाय, येक सांगायचं व्हतं."

चार रात्री हिरा झोपली नव्हती. अन्न तोंडाजवळ नेलं की तोंड फिरवायची. बसून बसून हसायची. म्हणायची, ह्यो माझा न्हवं, ह्यो पान्याचा हाय. परवा पहाटे म्हातारीचा डोळा लागला आणि उघडला तर दोघं घरात नाहीत. वाडीच्या खाली जिथून पाणी कड्यावरून पडतं, तिथे अगदी टोकावर हिरा उभी होती. बाळ हातात. हसत.

"तवापसनं लुगड्याला लुगडं बांदून बसलीया म्या. रातचं झोपले न्हाई. पोरगं म्हनतं, देवरशी आनू. लोकांस्नी कळलं तर येडी म्हनत्याल, सोड म्हनत्याल तिला."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "सकाळी ही आली होती, हिला का नाही सांगितलंस?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "कसं सांगू बाय? ती पोर आमच्या हातचं पानी बी प्याली न्हाई. खालची मान्सं पीत न्हाईत, आमाला ठावं हाय. मला वाटलं हिला बी आमचं चालत न्हाई. मंग आमची लाज हिच्याम्होरं कशी उघडी करायची?"

मला सांगायचं होतं की गुळामुळे, मावशी, फक्त गुळामुळे.

वाडीतल्या चार गड्यांनी घोंगडीची झोळी केली. हिराला त्यात घातलं. बाळाला घ्यायला मी हात पुढे केले, तर म्हातारीनं त्याला आपल्याच पदरात घट्ट बांधलं. अंधार पडायच्या आत आम्ही मळवलीला उतरलो आणि संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला गेलो. नवरा वाटेत भेटला. तो घाबरलेला होता, घाबरलेली माणसं बोलतात तसा बोलला, "आसली बाय घरात कशी ठेवू?" बाई चालता चालताच म्हणाल्या, "हिला हिवताप आला असता तर काय केलं असतंस? सोडली असतीस? हा डोक्यातला ताप आहे. उतरतो. देवरशी आणायचा तर आण, पण आधी तिला झोपू दे."

डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. बाळंतपणानंतर एखादीला असं होतं म्हणाले, लवकर आणलीत. हिरा दीड दिवस झोपली. बाई आणि म्हातारी पाळीपाळीनं तिच्याजवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाईंना विचारलं, "मला परत पाठवाल का?"

"कुठे?" बाई म्हणाल्या.

खरंच, कुठे? बाई बाकावर बसल्या आणि बुटाची नाडी सोडत म्हणाल्या, "तुला वाटलं तू त्यांचा गूळ वाचवलास. त्यांना वाटलं तू त्यांना शिवत नाहीस. आता मला सांग, चूक कुणाची? मलाही सांगता येत नाही. पण लोक आधी चहा देऊन बघतात गं. तो घेतलास तर मग दुखणं देतात."

हिरा वीस दिवसांनी घरी गेली. त्यानंतर बाई दर आठवड्याला वाडीवर जायच्या आणि मी मागून. हिरा आता हसत नव्हती. बोलायची पण नाही. जेवायची, बाळाला पाजायची, भिंतीकडे बघायची. वाडीतल्या बायका हळहळायच्या, "कशी हसरी पोर व्हती, आन् आता बगा." मलाही वाटायचं, औषधानं हिचं काहीतरी काढून घेतलं. बाई मात्र कशावर खूश होतील सांगता येत नसे. एकदा हिरानं वेणी घातलेली होती, बाई खूश. एकदा चटणी तिखट झाली म्हणून हिरा सासूवर कुरकुरली, बाई खाली उतरेपर्यंत गुणगुणत होत्या.

कार्तिकात भातकापणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. वाडीच्या खालच्या खाचरात हिरा विळा घेऊन कापत होती. बाळ चार महिन्यांचं, बांधावर झाडाखाली फडक्याच्या झोळीत. म्हातारी पेंढ्या बांधत होती. आम्ही बांधावर जाऊन बसलो. हिरानं विळा खाली ठेवला, घाम पुसला आणि बाईंना सोडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू आलतीस त्या दिशी," ती म्हणाली, "म्या बघत व्हते तुज्याकडं."

मी उठून उभी राहिले.

"मला वाटलं ही तरी इचारंल. ते हसू माझं न्हवतं, बाय. उचकीवानी येत व्हतं, थांबतच न्हवतं. आत म्या वरडत व्हते. आन् तू? तू बी हसाय लागलीस!"

"हिरा, मला कळलं नाही..."

"कळलं न्हाई? शिकलेली ना तू? दवाखान्याची ना? म्या टोकावर गेलते माज्या लेकराला घिऊन, आन् तू हितं बसून खी खी करत व्हतीस! आमच्यातला च्या नगं, पानी नगं, हसायला बरी आलीस!"

ती बराच वेळ बोलत होती. म्हातारी म्हणाली, "आगं गप, बाय काय म्हनत्याल," तर हिरानं तिलाही झटकलं. मी रडत होते. बाई हात मांडीखाली घेऊन खाचराकडे बघत होत्या. मला त्यांचा राग आला. दोन वर्षं जिची फरशी पुसली, तिनं माझ्यासाठी एक शब्द बोलू नये?

शेवटी हिराचा दम संपला. झोळीतलं बाळ कुरकुरत होतं. तिनं त्याला उचललं, इकडे तिकडे बघितलं. म्हातारीचे हात पेंढ्यांत गुंतलेले. तिनं ते बाळ माझ्या हातात दिलं.

"धर. रांग पुरी करायची हाय माजी. आन् उन्हात नगं उभी ऱ्हाऊ."

मी सावलीत गेले. ते जड होतं, गरम होतं, त्यानं माझा कान पकडला. हिरा रांग पुरी करून येईपर्यंत मी जागची हलले नाही.

उतरताना मी बाईंना म्हटलं, "तुम्ही मध्ये का नाही बोललात?"

"तिला राग आला होता," बाई म्हणाल्या. "चार महिन्यांत पहिल्यांदा. मी कशाला मध्ये पडू?" मग जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तिला आता औषध कमी करायचं विचारते डॉक्टरांना."

लेण्यांच्या पायऱ्या लागल्या. बाई पुढे, मी मागे. त्या मध्येच वळल्या. "आणि तुझं काय?"

दोन वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. कदाचित विचारलंही असेल, आणि मी पोट भरलं म्हटलं असेल. तोंडावर आलंच होतं की मी अगदी सुखात आहे, बाई, तुमच्या कृपेनं. पण रडून रडून माझा घसा दुखत होता आणि तेवढं लांब वाक्य होईना.

"मले आईची लय आठवण येते," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी तोंडातून आमच्याकडचं "मले" निघालं. "रात्री झोप लागत नाही. तुमची बदली झाली तर मी काय करू, याची रोज भीती वाटते. स्टेशनमास्तरीणबाई पुन्हा बोलावतील का, असं वाटत राहतं. माझं पोट अर्ध्या भाकरीनं भरत नाही. आणि उतरताना गुडघा दुखतो, तो पहिल्या दिवसापासून दुखतो, पण तुम्ही विचारलं होतं डोंगर चढता येतो का, म्हणून बोलले नाही."

बाई पायरीवर बसल्या. अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"गुडघा कुठला?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा?"